ओ पुढचे, बसून घ्या!

हे वाक्य ऐकलं नाही असा माणूस आपल्या कॅम्पसवर सापडणं कठीण. गॅदरिंग असो, मेसमधला प्रोजेक्टर असो, नाहीतर ग्राउंडवरची मॅच असो. पुढचा उभा राहिला की मागून आरोळी आलीच. पुढचा काही बसत नाही. मग मागचा उभा राहतो, त्याच्या मागचाही उभा राहतो, आणि शेवटी सगळे उभे राहूनसुद्धा कुणालाच आधीपेक्षा जास्त दिसत नाही. तरीही कुणी खाली बसायला तयार नसतो. असं का?

प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा वाटतो. मलाही वाटायचा. पण दोन वर्षांपूर्वीची आंतर-हॉस्टेल फुटबॉल फायनल ज्यांनी पाहिली त्यांना तो तसा वाटणार नाही. पाण्याच्या टाकीकडच्या गोलमागे जो मातीचा उतार आहे, तिथे दोनशे-अडीचशे पोरं दाटीवाटीने उभी होती. ढोल होता, मेसमधून न विचारता आणलेल्या स्टीलच्या ताटल्या होत्या, आणि आवाज म्हणाल तर प्रिन्सिपल सरांच्या बंगल्यापर्यंत. शेवटच्या पाच मिनिटांत गोल झाला आणि सगळा उतार पुढे सरकला. खाली काटेरी तारेचं कुंपण. पहिल्या रांगेतल्या एफ.ई.च्या एका मुलाचा हात तारेत अडकला आणि मनगटाचं हाड मोडलं.

नंतर चौकशी झाली. "कुणी ढकललं?" असा प्रश्न प्रत्येकाला विचारला गेला. खरं उत्तर असं होतं की कुणीच ढकललं नव्हतं. दोनशे जण अर्धं-अर्धं पाऊल पुढे आले होते, इतकंच. मी त्या मुलाच्या मागे तिसऱ्या रांगेत होतो. माझंही अर्धं पाऊल त्यात होतं.

पुढच्या वर्षी उतारावर जायला बंदी. मांडववाल्याकडून खुर्च्या आणल्या, प्रत्येक खुर्चीला नंबर चिकटवला, विंगप्रमाणे कूपन वाटली. मॅच २-२ झाली, पेनल्टीवर निकाल लागला, आणि तरी वातावरण शोकसभेला शोभेल असं! रेक्टर सरच मला म्हणाले, "अरे, पोरं झोपली होती की काय?" यंदा मी स्पोर्ट्स सेक्रेटरी झाल्यावर सरांनी सांगितलं, "उभे ठेवायचे की बसवायचे, नीट अभ्यास करून लिहून दे. मात्र 'मजा येते' हे कारण चालणार नाही."

हा लेख म्हणजे तोच अभ्यास. या प्रश्नावर जगात सगळ्यात जास्त डोकं कुणी खाजवलं असेल तर ते इंग्लंड आणि जर्मनीतल्या फुटबॉलवाल्यांनी. म्हणून सुरुवात तिथूनच.

बसवलं कुणी, आणि का?

इंग्लंडमध्ये जुन्या काळी गोलमागची जागा म्हणजे पायऱ्यापायऱ्यांचा काँक्रीटचा उतार. त्याला टेरेस म्हणत. खुर्ची नाही, नंबर नाही. स्वस्तातलं तिकीट काढायचं आणि जागा मिळेल तिथे उभं राहायचं. यातला सगळ्यात प्रसिद्ध उतार लिव्हरपूलच्या अ‍ॅनफील्ड मैदानावरचा 'कॉप'. तो १९०६ साली बांधला. नाव पडलं दक्षिण आफ्रिकेतल्या स्पिऑन कॉप या टेकडीवरून. जानेवारी १९०० मध्ये बोअर युद्धात तिथे मोठी लढाई झाली होती. आपल्यासाठी गंमत अशी की त्याच लढाईत जखमींना डोलीतून वाहून नेणाऱ्या भारतीय तुकडीत मोहनदास गांधी होते. १९२८ मध्ये कॉपवर छप्पर आलं, तेव्हा त्या एका बाजूला तीस हजारांच्या आसपास माणसं उभी राहात.

हे उभं राहणं धोक्याचं होतं, हे नाकारण्यात अर्थ नाही. १९४६ मध्ये बोल्टनच्या मैदानावर चेंगराचेंगरीत ३३ जण गेले. २ जानेवारी १९७१ ला ग्लासगोच्या आयब्रॉक्स स्टेडियमवर मॅच संपल्यावर बाहेर पडणाऱ्या एका जिन्यावर ६६ जण गेले. आणि १५ एप्रिल १९८९ ला शेफील्डच्या हिल्सबरो मैदानावर लिव्हरपूल विरुद्ध नॉटिंगहॅम फॉरेस्ट ही एफ.ए. कपची सेमीफायनल सहा मिनिटांत थांबवावी लागली. मृतांचा आकडा पुढे ९७ झाला.

त्यानंतर लॉर्ड जस्टिस टेलर यांची चौकशी बसली. जानेवारी १९९० च्या त्यांच्या अंतिम अहवालात शिफारस होती की मोठ्या मैदानांवर सगळ्यांना खुर्च्या द्याव्यात. ऑगस्ट १९९४ पासून इंग्लंड आणि वेल्समधल्या वरच्या दोन डिव्हिजनसाठी तो नियम झाला. ३० एप्रिल १९९४ ला कॉप शेवटचा उभा राहिला. समोर नॉर्विच होता, लिव्हरपूल ०-१ हरलं. मग खुर्च्या बसल्या आणि कॉपची क्षमता बारा हजारांच्या थोडी वर एवढीच उरली.

आता इथे एक गोष्ट लक्षात घ्या, कारण माझा सगळा मुद्दा तिच्यावर उभा आहे. त्याच टेलर यांनी हेही लिहून ठेवलं आहे की उभं राहून मॅच बघणं हे मुळातच असुरक्षित नाही. मग हिल्सबरोला लोक मेले कशाने?

गेटचं गणित

आपण इंजिनिअरिंगवाले, तेव्हा गणित करून बघू. त्या दिवशी लेपिंग्ज लेन बाजूच्या टेरेसची १०,१०० तिकिटं होती. त्या माणसांसाठी एकेकाला आत सोडणारे टर्नस्टाइल होते सात! ब्रिटनमध्ये मैदानांच्या सुरक्षिततेचं जे मार्गदर्शक पुस्तक वापरतात त्याला 'ग्रीन गाइड' म्हणतात. त्यात एका टर्नस्टाइलमधून तासाला जास्तीत जास्त ६६० माणसं धरतात. सात गुणिले ६६० म्हणजे ४,६२०. दहा हजार शंभर लोक आत जायला २ तास ११ मिनिटं. आणि मॅचला माणूस येतो कधी? आपल्यासारखाच, शेवटच्या तासात.

बाहेर गर्दी तुंबली. २ वाजून ५२ मिनिटांनी पोलिसांनी एक मोठं गेट उघडलं. आत शिरलेले लोक समोर दिसणाऱ्या बोगद्यातून सरळ मधल्या दोन कप्प्यांत गेले. टेरेसचे जाळी लावून असे कप्पे पाडलेले होते. त्यांना 'पेन' म्हणत. गुरांच्या कोंडवाड्याला इंग्रजीत तोच शब्द आहे. मधले कप्पे आधीच भरलेले होते, बाजूच्या कप्प्यांत जागा होती, पण बोगद्याचं तोंड बंद करून लोकांना बाजूला वळवायला कुणी उभं नव्हतं. पुढे मैदानाच्या कडेला उंच जाळी. एक लोखंडी कठडा तुटला. बरेच जण उभ्याउभ्याच गेले, कारण छाती फुगायला जागा नव्हती. टेलर यांनी मुख्य दोष पोलिसांच्या नियंत्रणाला दिला, आणि २०१६ मध्ये ज्यूरीने स्पष्ट सांगितलं की हे मृत्यू बेकायदेशीर होते आणि प्रेक्षकांचा त्यात दोष नव्हता. म्हणजे नातेवाइकांना हे ऐकायला २७ वर्षं थांबावं लागलं.

याच्या उलट बाजू बघा. ११ मे १९८५ ला ब्रॅडफर्डला आग लागली आणि ५६ जण गेले. ती आग खुर्च्यांच्या लाकडी स्टँडला लागली होती. पुढे मैदानाकडे उंच जाळी नव्हती म्हणून शेकडो लोक मैदानात उड्या टाकून वाचले. आपल्याकडे १६ ऑगस्ट १९८० ला कोलकात्याच्या ईडन गार्डन्सवर मोहन बागान विरुद्ध ईस्ट बंगाल मॅचच्या वेळी १६ जण गेले, तेही बसायच्या गॅलरीत. ४ जून २०२५ ला बंगळूरच्या चिन्नास्वामी स्टेडियमबाहेर ११ जण गेले. तिथे आत काय आहे, खुर्ची की टेरेस, याचा संबंधच नव्हता. माणसं गेटवर मेली.

थोडक्यात काय, तर माणूस उभा होता म्हणून मरत नाही. किती माणसं, कुठून येतात, कुठे कोंडतात आणि पुढे काय अडवतं, यावर सगळं ठरतं. आपल्या उतारावर पुढे काय होतं? काटेरी तार.

डेसिबल काय म्हणतात

आता वातावरणाकडे येऊ. उभे लोक जास्त आवाज करतात, हे सगळे म्हणतात. किती जास्त?

ग्रीन गाइडप्रमाणे उभ्या प्रेक्षकांची जास्तीत जास्त घनता दहा चौरस मीटरला ४७ माणसं. म्हणजे एका माणसाला साधारण ०.२१ चौरस मीटर. खुर्ची लावली तर रुंदी अर्धा मीटर आणि मागे-पुढे पायांसकट ८० सेंटिमीटर धरा, झाले ०.४ चौरस मीटर. म्हणजे तेवढ्याच जागेत निम्मी माणसं. निम्मी माणसं म्हणजे निम्मा आवाज का? नाही! एस.ई.ला शिकलेला लॉगरिदम इथे कामाला येतो. आवाज करणारे निम्मे झाले की पातळी फक्त ३ डेसिबलने उतरते. कॉप तीस हजारांवरून बारा हजारांवर आला तरी हिशोब ४ डेसिबलच्या आतच राहतो. कानाला फरक जाणवेल, पण स्टेडियम मुकं झालं असं म्हणण्याइतका नाही.

आता दुसरा हिशोब. साधं बोलणं एका मीटरवरून साधारण ६० डेसिबल भरतं, आणि बेंबीच्या देठापासून ओरडणं ८० च्या वर. वीस डेसिबल म्हणजे ऊर्जेत शंभरपट. याचा अर्थ असा, की बारा हजार लोक आपापसात गप्पा मारत बसले आणि १२० लोक मनापासून ओरडले, तर मीटरवर आकडा सारखाच येईल.

हे गणित पहिल्यांदा केलं तेव्हा मी स्वतःच चाट पडलो. खुर्चीमुळे माणसं कमी झाली, हे नुकसान चार डेसिबलचं. खुर्चीत बसून माणूस गप्प झाला, हे नुकसान वीस डेसिबलचं. तेव्हा खरा प्रश्न 'उभे की बसलेले' हा नाहीच. खरा प्रश्न असा, की माणूस तोंड कधी उघडतो?

खुर्ची असणं आणि खुर्चीत असणं यातही फरक आहे. मार्च २०११ मध्ये इस्तंबूलला गॅलाटासराय विरुद्ध फेनरबाचे मॅचमध्ये १३१.७६ डेसिबल आवाज मोजला गेला आणि गिनीजने त्याची विक्रम म्हणून नोंद केली. ते स्टेडियम नवंकोरं, सगळीकडे खुर्च्या असलेलं! घसा खुर्चीने बंद होत नाही. आपले शास्त्रीय गायक मांडी घालून बसूनच सगळी मैफल रंगवतात की.

टाळी का चुकते?

मग टेरेसमध्ये असं काय होतं जे नंबरच्या खुर्च्यांत नाही? मला तीन कारणं सापडली.

पहिलं कारण ध्वनीचा वेग. आवाज सेकंदाला साधारण ३४० मीटर जातो. फुटबॉलचं मैदान १०५ मीटर लांब. एका गोलमागून निघालेली टाळी दुसऱ्या गोलमागे पोचायला ०.३१ सेकंद. मिनिटाला १२० टाळ्यांची लय धरली तर दोन टाळ्यांत अंतर अर्ध्या सेकंदाचं. म्हणजे समोरच्याला ऐकून टाळी द्यायची म्हटली तर ती अर्ध्याहून जास्त मात्रा मागे पडणार. सगळ्या स्टेडियमने एका तालात गाणं म्हणूनच अवघड. पण तीस मीटरच्या आत दाटलेल्या घोळक्यात हा उशीर फक्त ०.०९ सेकंद. ते एका तालात राहतात. वरून छप्पर असेल तर आवाज परत खाली येतो आणि आणखी बळ मिळतं. दिंडीत टाळकरी विणेकऱ्याच्या भोवती का जमून चालतात, ते आठवा.

दुसरं कारण शेजारी. टेरेसवर नंबर नसल्यामुळे गाणारा गाणाऱ्याजवळ जाऊन उभा राहायचा. ज्याला शांतपणे बघायचं आहे तो कडेला. ही छाननी कुणी न करता आपोआप व्हायची. खुर्चीवर नंबर आला आणि शेजारी कोण हे कॉम्प्युटर ठरवू लागला. डावीकडे अनोळखी काका, उजवीकडे मोबाइलवर बोलणारा माणूस. अशा ठिकाणी एकट्याने पहिली आरोळी द्यायला छाती लागते. आमच्या मॅचमध्ये नेमकं हेच झालं. कूपन विंगप्रमाणे वाटली, पण देवाणघेवाणीत ती अशी फिरली की ढोलवाला एका टोकाला आणि त्याची पोरं दुसऱ्या टोकाला!

तिसरं कारण पैसा. टेलर यांच्या अहवालात आयब्रॉक्सचं उदाहरण आहे: बसण्याचं तिकीट ६ पौंड, उभ्याचं ४ पौंड, म्हणजे खुर्च्या केल्या तरी फार महाग पडायला नको. पण १९९२ ला प्रीमियर लीग सुरू झाली, टीव्हीचा पैसा आला, आणि तिकिटं त्या हिशोबाच्या कितीतरी पुढे गेली. ज्या पोरांच्या घशावर टेरेस चालायचा ती पोरं बाहेर राहिली. मैदानात पांढऱ्या केसांचे प्रेक्षक वाढले.

न्याय म्हणून दुसरी बाजूही सांगतो. खुर्च्या आल्यामुळे लहान मुलांना घेऊन येणारे आईवडील, वयस्कर माणसं, पायाने अधू असलेले लोक निर्धास्तपणे मॅच बघू लागले. त्यांना 'वातावरण बिघडवणारे' म्हणणं हा शुद्ध उद्दामपणा. उंच माणसाच्या मागे उभं राहून नव्वद मिनिटं पाठीचं दर्शन घ्यायचं, हे माझ्यासारख्या पाच फूट तीन इंचवाल्याला विचारा.

जर्मनीतली भिंत

जर्मनीने उभ्या जागा काढल्याच नाहीत. डॉर्टमुंडच्या स्टेडियमच्या दक्षिण बाजूला एकाच स्टँडमध्ये सुमारे पंचवीस हजार लोक उभे राहतात. पिवळ्या कपड्यांमुळे तिला 'पिवळी भिंत' म्हणतात. एवढा मोठा उभा स्टँड युरोपात दुसरा नाही. लीगच्या मॅचला या स्टेडियमची क्षमता ८१ हजारांच्या वर. देशादेशांच्या मॅचला सगळ्यांना खुर्च्या लावायच्या म्हटल्या की तीच ६६ हजारांच्या आसपास येते. उभ्या जागेचं तिकीट तिथे मुद्दाम स्वस्त ठेवतात. जर्मनीत १९९८ पासून '५० अधिक १' असा नियम आहे. क्लबच्या कारभारातली बहुसंख्य मतं सभासदांच्या हातात राहायला हवीत, असा त्याचा अर्थ. त्यामुळे तिकिटांचे दर ठरवताना प्रेक्षकाला विचारावंच लागतं.

वातावरण नसलं की काय होतं तेही तिथेच दिसलं. कोविडच्या काळात १६ मे २०२० ला बुंडेसलीगा रिकाम्या स्टेडियममध्ये पुन्हा सुरू झाली. डॉर्टमुंडने शाल्केला ४-० हरवलं. एरवी जिच्यासाठी शहर पेटून उठतं अशी ही मॅच, आणि टीव्हीवर खेळाडूंचे बूट बॉलला लागल्याचा आवाज ऐकू येत होता.

इंग्लंडमध्ये मात्र गंमत झाली. नियम खुर्चीचा होता, तरी गोलमागचे लोक खुर्चीसमोर उभेच राहात. हे टेरेसपेक्षा वाईट. कारण पुढच्या खुर्चीची पाठ बरोबर गुडघ्याशी येते. गोल झाला, मागून धक्का बसला, की माणूस कोलमडून पुढच्या रांगेत. ज्या नियमाने पडणं थांबवायचं तोच नियम पडायची सोय करत होता!

यावर उपाय निघाला तो साधा, आपल्या वर्कशॉपमध्येही होईल असा. प्रत्येक रांगेत कमरेच्या उंचीचा लोखंडी कठडा, आणि त्याला जोडलेली मिटणारी खुर्ची. हवं तर बसा, हवं तर कठडा धरून उभे राहा. मागून धक्का आला तरी तो एका रांगेपुढे जात नाही. ग्लासगोच्या सेल्टिकने २०१६ मध्ये असा भाग केला. इंग्लंड-वेल्समध्ये जानेवारी २०२२ ला पाच क्लबांत परवानगी देऊन चाचणी सुरू झाली. पहिली मॅच २ जानेवारीला चेल्सी विरुद्ध लिव्हरपूल, २-२. त्याच वर्षीच्या नव्या सीझनपासून अटी पाळणाऱ्या बाकीच्या क्लबांनाही दार उघडलं. मुख्य अट एकच: एका खुर्चीच्या जागेत एकच माणूस. म्हणजे टेरेसची दाटी परत आणायची नाही, उभं राहण्याची मोकळीक तेवढी द्यायची. आणि मघाचं गणित आठवा, दाटीचे होते ३-४ डेसिबल, मोकळीक वीसची!

आपल्याकडे

माझा रूममेट कोल्हापूरचा, पेठेतला. तिथे तालमींच्या टीम असतात. पाटाकडील, दिलबहार, खंडोबा, बालगोपाल ही नावं त्याच्या तोंडात जेवणातल्या तांबड्या-पांढऱ्यासारखी येतात. मी त्याला विचारलं, शाहू स्टेडियमवर लोक बसतात की उभे राहतात? तो माझ्याकडे बघतच राहिला. "पायरी हाय की. बसायचं तर बसतंय, उठायचं तर उठतंय. त्यात काय इचारायचं? आपली पोरं कुठं हायत ते बघायचं आन् तिथं जायचं." मी पंधरा दिवस वाचून जे शोधलं ते त्याने एका दमात सांगितलं.

कोलकात्याचंही तसंच. १३ जुलै १९९७ ला सॉल्ट लेक स्टेडियमवर फेडरेशन कपच्या सेमीफायनलला १ लाख ३१ हजार लोक आले होते. ईस्ट बंगालने मोहन बागानला ४-१ हरवलं, भाईचुंग भुतियाची हॅटट्रिक. तेव्हा तिथे काँक्रीटच्या पायऱ्या होत्या. २०१७ च्या १७ वर्षांखालील वर्ल्ड कपसाठी खुर्च्या बसल्या आणि क्षमता ६६ हजारांच्या आसपास आली. त्या स्पर्धेची फायनल तिथेच भरगच्च स्टेडियममध्ये झाली. म्हणजे वातावरण खुर्चीने मरतंच असंही नाही.

आणि आपला मेस हॉल? १८ डिसेंबर २०२२. मी एफ.ई.ला, हॉस्टेलला येऊन जेमतेम महिना झालेला. अर्जेंटिना २-० पुढे असताना सगळे बाकांवर बसून होते, काही जण उठून रूमवरही गेले. ८० व्या आणि ८१ व्या मिनिटाला एम्बापेचे दोन गोल झाले आणि अख्खा हॉल उभा राहिला. पुढचा तासभर कुणीही बसलं नाही. 'बसून घ्या' म्हणणारा एकही आवाज आला नाही, कारण म्हणणाराही उभा होता. उभं राहिल्यामुळे वातावरण तयार झालं नव्हतं. वातावरण तयार झालं म्हणून आम्ही उभे राहिलो. फक्त उभं राहायला मनाई नव्हती, हे महत्त्वाचं.

मग आपण काय करायचं?

रेक्टर सरांना मी जे लिहून दिलं ते इथे देतो. पटलं नाही तर वर्कशॉपसमोरच्या चहाच्या टपरीवर भांडायला मी रोज पाचनंतर असतो.

एक, उतारासमोरची काटेरी तार काढायची. गर्दीच्या पुढे माणूस अडकेल असं काहीही नको.

दोन, उतार उघडायचा, पण मोजून. उपयोगाची जागा सुमारे २० बाय ६ मीटर, म्हणजे १२० चौरस मीटर. ४७ च्या हिशोबाने ५६४ माणसं मावतील. पण ते पक्क्या पायऱ्या आणि पक्के कठडे असतील तर. आपला उतार मातीचा, म्हणून निम्मी धरू: २८०. त्यापुढे एकही नाही, मग तो जी.एस. असो की माझा रूममेट.

तीन, उतारावर आडवे कमरेएवढे पाइपचे कठडे, तीन ओळींत. पाइप वर्कशॉपच्या भंगारात आहेत, वेल्डिंग आम्ही करू, आणि मजबुती सिव्हिलच्या सरांनी तपासल्याशिवाय कुणी त्यांना टेकायचं नाही.

चार, यायला-जायला दोन वाटा, दोन्हीवर व्हॉलंटियर. उतार भरला की वाट बंद करून लोकांना बाजूला वळवायचं. हिल्सबरोला हा एक माणूस कमी होता.

पाच, बाजूच्या लाइनीला खुर्च्या राहतील. स्टाफसाठी, घरच्या मंडळींसाठी, आणि ज्याला बसून बघायचं आहे त्या प्रत्येकासाठी. खुर्च्यांना नंबर नाहीत. ढोल उताराच्या मध्यभागी.

सरांनी कागद दोनदा वाचला. तार काढायला परवानगी लगेच मिळाली. कठड्यांचं "आधी एक करून दाखव, मग बघू" असं उत्तर आहे. एक करून झाला आहे. आम्ही आठ जणांनी धावत येऊन त्याला धडक दिली, हलला नाही. सिव्हिलच्या सरांनी तरीही पायाचं काँक्रीट वाढवायला सांगितलं आहे.

ज्याचा हात मोडला होता तो मुलगा आता टी.ई.ला आहे. हा लेख छापायला देण्याआधी मी त्याला वाचायला दिला. तो म्हणाला, "चूक काही नाही. फक्त एक लिही, त्या दिवशी हात मोडेपर्यंत मी पण ओरडत होतो." यंदा कठड्यांची मोजमापं घ्यायला तोच येतो आहे.

फायनल फेब्रुवारीत. ताटल्या या वेळी मेसच्या मावशींना विचारून आणू.